‘रिंग’ या एका शब्दावर पारखलेला ऑक्सफर्डचा विनामूल्य कोश

इंग्रजी शब्दकोश निवडताना बहुतेक जण त्यात एखादा लांबलचक, अवघड शब्द शोधून पाहतात आणि तो सापडला की कोश चांगला आहे असे ठरवून मोकळे होतात. ही पारख मला अपुरी वाटते. अवघड शब्दाला बहुधा एखाददुसराच अर्थ असतो आणि तो कोणताही बरा कोश देतो. कोशकाराचा कस लागतो तो शाळेच्या पहिल्या पुस्तकात भेटणाऱ्या, चार अक्षरांत संपणाऱ्या शब्दांवर; कारण असे शब्द शेकडो वर्षे लोकांच्या तोंडी राहून इतक्या दिशांना पसरलेले असतात की त्यांतला कोणता अर्थ आधी सांगावा, कोणता कशाच्या शेजारी ठेवावा आणि कोणता सोडून द्यावा, हे ठरवताना कोशकाराची सगळी समज पणाला लागते. ‘रिंग’ हा असाच शब्द आहे. बोटातली अंगठी, शनीभोवतीची कडी, सर्कशीतले रिंगण, मुष्टियुद्धाचा चौथरा, चोरट्या व्यापाऱ्यांची टोळी, दूरध्वनीची घंटा आणि बीजगणितातली एक रचना, हे सारे इंग्रजीत ‘रिंग’ या एकाच वेषात वावरते.

इंग्रजीतून मराठीत भाषांतर करणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे ‘ऑक्सफर्ड लर्नर्स डिक्शनरीज’ हे संकेतस्थळ माझ्यासमोर रोज उघडे असते. मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्यांना आणि नव्या भाषांतरकारांना कोणता कोश सुचवावा, असे मला वारंवार विचारले जाते. त्या प्रश्नाचे उत्तर मी येथे या एकाच शब्दाच्या आधारे देत आहे.

या कोशाचा जन्म इंग्लंडमध्ये झालेला नाही. अल्बर्ट सिडनी हॉर्नबी हे इंग्रज शिक्षक १९२० च्या दशकात जपानमध्ये इंग्रजी शिकवण्यासाठी गेले आणि तेथील विद्यार्थ्यांच्या अडचणी पाहून त्यांच्या लक्षात आले की, इंग्रजांनी इंग्रजांसाठी केलेले कोश परक्या विद्यार्थ्याच्या उपयोगाचे नाहीत. त्यांनी दोन सहकाऱ्यांसह केलेला कोश १९४२ मध्ये टोकियोच्या काइताकुशा या प्रकाशनसंस्थेने काढला आणि १९४८ मध्ये तो ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाने पुनर्मुद्रित केला. आज ‘ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ या नावाने ओळखला जाणारा ग्रंथ तोच असून त्याची दहावी आवृत्ती २०२० मध्ये निघाली. संकेतस्थळावर तो विनामूल्य वाचता येतो. त्याची व्याख्या लिहिण्याची पद्धत परक्या विद्यार्थ्याला सोयीची आहे: अर्थ सांगताना शक्यतो नेहमीच्या, मोजक्या शब्दांचाच वापर करायचा, म्हणजे एका शब्दाचा अर्थ कळण्यासाठी आणखी चार शब्द शोधत बसावे लागू नये. ज्याची मातृभाषा इंग्रजी नाही, त्याला हा फरक पहिल्याच व्याख्येत जाणवतो.

आता ‘रिंग’ची नोंद पाहू. सर्वांत आधी लक्षात घ्यायची गोष्ट अशी की, येथे एक शब्द नसून दोन आहेत आणि कोशाने त्यांना क्रमांक देऊन वेगळे ठेवले आहे. गोलाकार वस्तूचा ‘रिंग’ हा जुन्या इंग्रजीतल्या ‘ह्रिंग’ या नामापासून आला, तर घंटा वाजण्याचा ‘रिंग’ हा ‘ह्रिंगान’ या क्रियापदापासून आला. उच्चार आणि लेखन सारखे झाले, म्हणून त्यांचे रक्ताचे नाते जुळत नाही. मराठी वाचकाला हा भेद केवळ विद्वत्तेसाठी कळायला हवा असे नाही, त्याचा व्यवहारात थेट उपयोग आहे. घंटेच्या ‘रिंग’चा भूतकाळ ‘रँग’ आणि भूतकाळवाचक धातुसाधित ‘रंग’ असे होते. वेढा घालणे या अर्थाच्या ‘रिंग’चे मात्र दोन्ही ठिकाणी ‘रिंग्ड’ असे रूप होते. पोलिसांनी इमारत वेढली, विद्यार्थ्याने बरोबर उत्तराभोवती गोल केला, डोंगरांनी गाव वेढलेले आहे, या सगळ्या वाक्यांत ‘रिंग्ड’ हेच रूप हवे. शाळेत अनियमित क्रियापदांचा तक्ता पाठ केलेला मुलगा येथे हमखास ‘रँग’ लिहितो, कारण तक्त्यात एकच ‘रिंग’ असतो. ऑक्सफर्डचा कोश ही रूपे ज्या त्या नोंदीच्या माथ्यावरच देतो, त्यामुळे शोधणाऱ्याला ती शोधावी लागत नाहीत.

दुसरी गोष्ट अर्थांच्या क्रमाची. ‘मेरियम-वेब्स्टर’ या अमेरिकी कोशाचे संकेतस्थळही विनामूल्य आहे आणि माझ्या मते ते या कोशाच्या तोडीचे आहे. पण त्याची शिस्त निराळी आहे. नोआ वेब्स्टरच्या १८२८ च्या कोशाची परंपरा सांगणारे हे घराणे अर्थ ऐतिहासिक क्रमाने लावते, म्हणजे जो अर्थ भाषेत आधी आला तो आधी. त्यामुळे तेथे ‘रिंग’ शोधले की प्रथम काही धरण्यासाठी, जोडण्यासाठी, टांगण्यासाठी किंवा घट्ट बसवण्यासाठी वापरले जाणारे कडे भेटते आणि अंगठी त्यानंतर येते. ऑक्सफर्डचा विद्यार्थिकोश आज जो अर्थ सर्वाधिक लागतो तो आधी देतो, म्हणून तेथे पहिली येते ती अंगठी. शिवाय प्रत्येक अर्थगटाच्या डोक्यावर दागिना, वर्तुळ, खेळ, स्वयंपाक, माणसांचा गट असे एकेक सूचक पद ठळकपणे दिलेले असते. वाचणाऱ्याने आपले वाक्य कोणत्या प्रांतातले आहे एवढे ओळखले की तो थेट त्या अर्थापाशी जातो. लांब नोंद वरून खाली वाचत जाण्याचा धीर फार थोड्यांना असतो आणि पहिलाच अर्थ उचलून वाक्यात बसवण्याची सवय फार जणांना असते. ही सूचक पदे त्या सवयीला आळा घालतात. शिकणाऱ्यासाठी ऑक्सफर्डचा क्रम अधिक सोयीचा आहे, यात मला शंका नाही. शब्दाची वाढ कशी झाली हे समजून घ्यायचे असेल, तर मात्र वेब्स्टरची नोंद वाचण्यात अधिक आनंद आहे.

या वाढीतला सर्वांत रंजक भाग म्हणजे शब्दाने आपला आकार सोडून देणे. मुष्टियुद्धाची ‘रिंग’ चौकोनी असते, याचे नवल अनेकांना वाटते. पूर्वी दोन मल्लांभोवती बघ्यांचे कडे पडत असे आणि त्या कड्यालाच रिंग म्हणत. १८३८ च्या लंडनच्या नियमांनी दोऱ्यांनी बांधलेला २४ फुटांचा चौरस ठरवून दिला, तरी नाव जुनेच राहिले. सर्कशीची रिंग मात्र गोलच राहिली, कारण तिला घोड्याने गोल ठेवले. फिलिप अ‍ॅस्टली या घोडेस्वाराने १७६८ मध्ये लंडनला गोलाकार जागेत कसरती दाखवायला सुरुवात केली. गोल धावणाऱ्या घोड्याच्या पाठीवर तोल सांभाळणे सोपे जाते, हे त्यामागचे कारण होते. पुढे त्याने ठरवलेला ४२ फुटांचा, म्हणजे सुमारे १३ मीटरचा व्यास जगभरच्या सर्कशींनी स्वीकारला. आपल्याकडे १८८० मध्ये पहिली भारतीय सर्कस उभी करणारे विष्णुपंत छत्रे हेही कुरुंदवाडच्या संस्थानिकांच्या पदरी असलेले अश्वविद्येतले जाणकार होते, ही गोष्ट या संदर्भात आठवल्याशिवाय राहत नाही.

मराठी वाचकाला हा आकारबदल समजावून सांगण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. आषाढी वारीत पालखी सोहळ्यात गोल रिंगण होते, तसे उभे रिंगणही होते. ज्ञानोबांच्या पालखीचे पहिले उभे रिंगण चांदोबाचा लिंब येथे होते. त्यात वारकरी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सरळ रांगांत उभे राहतात आणि मधून अश्व धावतात. गोल काहीच नसते, तरीही ते रिंगणच असते, कारण अश्वाला वाट करून देणारी आणि मधल्या मोकळ्या जागेला पवित्र मानणारी माणसे तीच असतात. इंग्रजी ‘रिंग’चेही नेमके हेच झाले: आकार गळाला, भोवती उभी असलेली माणसे आणि मधली राखलेली जागा एवढे उरले. ऑक्सफर्डच्या संकेतस्थळावर नोंदीखाली शब्दाच्या उगमाची एक घडी असते, ती उघडली की ‘रँक’ हा शब्द ‘रिंग’चा नातेवाईक आहे असे कळते. सैनिकांची सरळ रांग आणि वर्तुळ यांचे मूळ एक! उभ्या रिंगणाच्या प्रदेशातल्या माणसाला ते इतरांपेक्षा लवकर पटावे. निवडणुकीच्या ‘रिंगणात उतरणे’ हा आपला वाक्प्रचार आणि ‘रिंग’मध्ये टोपी टाकणे हा इंग्रजी वाक्प्रचार, हे दोन्ही याच मधल्या जागेकडे बोट दाखवतात.

मला या नोंदीत सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो माणसांच्या गटाचा अर्थ. ऑक्सफर्डचा कोश स्पष्ट सांगतो की असा गट गुप्तपणे किंवा बेकायदा काम करणारा असतो, आणि उदाहरणे देतो ती हेरगिरीची आणि अमली पदार्थांची. वेब्स्टर एक पाऊल पुढे जाऊन म्हणतो की, स्वार्थासाठी, बहुधा भ्रष्ट हेतूने, उदाहरणार्थ बाजार ताब्यात ठेवण्यासाठी एकत्र आलेला गट. हा दुसरा अर्थ मराठी वर्तमानपत्रांच्या वाचकाला चांगलाच परिचित आहे. ‘ठेकेदारांनी रिंग करून निविदा भरल्या’ हे वाक्य जिल्हा पानांवर नेहमी दिसते. काम कोणी घ्यायचे हे आपापसांत आधीच ठरवायचे, इतरांनी मुद्दाम चढ्या दराच्या निविदा भरायच्या, आणि पुढचे काम दुसऱ्याला सोडायचे, असा हा व्यवहार असतो. लिलावात हीच गोष्ट उलट्या बाजूने होते: खरेदीदार एकमेकांविरुद्ध बोली वाढवत नाहीत, माल एकाने स्वस्तात घ्यायचा आणि मागाहून वाटून घ्यायचा. ब्रिटनमध्ये लिलावातल्या अशा संगनमताविरुद्ध १९२७ मध्ये खास कायदा करावा लागला होता, आणि आपल्याकडे स्पर्धा अधिनियम, २००२ अन्वये संगनमताने निविदा भरणे निषिद्ध आहे. आपल्या बातमीदारांनी हा शब्द इंग्रजीतून उचलला तो अगदी नेमक्या अर्थाने उचलला, एवढेच नव्हे तर ‘रिंग करणे’ असे क्रियापदही घडवले. इंग्रजीत ‘रिंग’ हे नाम या अर्थाने चालते. ती ‘करता’ येते, हे मराठीचे देणे आहे.

बाजाराशी या शब्दाचे दुसरे, सरळ नातेही आहे. मुंबई शेअर बाजारात दलाल ज्या जागेत उभे राहून ओरडून सौदे करत, तिला रिंग म्हणत असत; १९९५ मध्ये संगणकीय व्यवहार सुरू झाले आणि ती रिंग इतिहासजमा झाली. लंडन मेटल एक्स्चेंजमध्ये, जो १८७७ मध्ये स्थापन झाला, धातूंचे दलाल वर्तुळाकार मांडलेल्या लाल बाकांवर बसून, पाच-पाच मिनिटांच्या सत्रांत, समोरासमोर भाव पुकारतात, ही पद्धत संगणकाच्या काळातही टिकली. आरंभी कॉफीगृहाच्या जमिनीवर पसरलेल्या लाकडाच्या भुशात एखादा व्यापारी वर्तुळ काढत असे आणि सौदा करू इच्छिणारे त्याभोवती जमत, असे तेथे सांगितले जाते. अर्थविषयक लेखांचे भाषांतर करताना ‘रिंग’ या शब्दापाशी थांबून, हा सौद्याचा फड आहे की संगनमत करणाऱ्यांची टोळी, हे पाहावेच लागते. एकाच पानावर दोन्ही येऊ शकतात आणि एक शब्द दुसऱ्याच्या जागी पडला तर प्रतिष्ठित दलालावर आरोप केल्यासारखे होते. ऑक्सफर्डची नोंद या ठिकाणी थोडी अपुरी पडते. टोळीचा अर्थ ती उत्तम सांगते, परंतु बाजारातल्या जागेसाठी खेळाच्या आणि सर्कशीच्या अर्थावरून अंदाज बांधावा लागतो.

शास्त्रीय अर्थांच्या बाबतीत उणीव अधिक ठळक आहे. विद्यार्थिकोशाने सगळी परिभाषा द्यावी अशी अपेक्षा कोणी करू नये, हे मला मान्य आहे. तरीही बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी ‘रिंग’ शोधायला येते तेव्हा तिला अंगठीची गरज नसते. गणितातली ‘रिंग’ म्हणजे ज्यात बेरीज आणि गुणाकार काही ठरावीक नियमांनी करता येतात असा संच; पूर्णांकांचा संच हे त्याचे सर्वांत सोपे उदाहरण. डेव्हिड हिल्बर्ट या जर्मन गणितज्ञाने १८९७ मध्ये ‘त्सालरिंग’ हा शब्द वापरला आणि तेथून तो इंग्रजीत आला. जर्मन भाषेत ‘रिंग’ला संघटना, मंडळ असाही अर्थ आहे, हे लक्षात ठेवले तर बीजगणितात गोल काय आहे असे विचारत बसण्याची वेळ येत नाही. मराठीत आपण या संकल्पनेला ‘वलय’ म्हणतो. वेब्स्टरमध्ये ही व्याख्या पूर्णपणे, नियमांसह मिळते. मात्र ती इतकी दाट आहे की विषय ज्याला आधीच ठाऊक आहे त्यालाच ती उमगते. रसायनशास्त्रातले वलय त्या मानाने सुदैवी आहे. ऑगस्ट केकुले यांनी १८६५ मध्ये बेंझिनच्या सहा कार्बन अणूंची बंद साखळी मांडली, तेव्हा त्यांना खरोखरच वर्तुळासारखी बंद आकृती अभिप्रेत होती, त्यामुळे शब्द आणि चित्र एकमेकांना धरून राहतात.

यंत्रांच्या जगातला एक अर्थ दोन्ही कोशांत सामान्य वाचकाच्या हाती सहज लागत नाही, याची मला खंत वाटते, कारण तो महाराष्ट्राच्या इतिहासातला आहे. कापड गिरणीतली ‘रिंग फ्रेम’ म्हणजे असे सूतकताई यंत्र, ज्यात प्रत्येक चातीभोवती धातूचे कडे असते आणि त्या कड्यावरून फिरणारी एक छोटी आकडी सुताला पीळ देते. अमेरिकेत जॉन थॉर्प यांनी १८२८ मध्ये ही युक्ती काढली. लँकेशायरचे गिरणीमालक जुन्या ‘म्यूल’ यंत्राला चिकटून बसले असताना, जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये नागपुरात सुरू केलेल्या एम्प्रेस मिलमध्ये रिंग चातींचे प्रयोग करून त्या स्वीकारल्या. गिरण्यांविषयीचे जुने इंग्रजी अहवाल वाचणाऱ्याला ‘रिंग’ आणि ‘म्यूल’ हे दोन शब्द पानोपानी भेटतात आणि त्यांचा अर्थ माहीत नसेल तर अहवालातल्या वादाचा गाभाच हातून निसटतो. अशा वेळी सामान्य कोश सोडून विषयकोशाकडे वळणे भाग पडते.

ब्रिटिश आणि अमेरिकी भेद दाखवण्यात मात्र ऑक्सफर्डचा हात कोणी धरू शकत नाही. दूरध्वनी करणे या अर्थाने ‘रिंग’ हे मुख्यतः ब्रिटिश असून अमेरिकेत ‘कॉल’ म्हणतात, शेगडीचे एकेक तोंड म्हणजे ब्रिटनमध्ये ‘रिंग’ आणि अमेरिकेत ‘बर्नर’, पक्ष्याच्या पायात ओळखीसाठी कडी घालणे म्हणजे ब्रिटनमध्ये ‘रिंगिंग’ आणि अमेरिकेत ‘बँडिंग’, हे सारे ज्या त्या ठिकाणी नोंदवलेले आहे. शेवटचे उदाहरण मी मुद्दाम घेतले. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे अभ्यासक स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या पायांत क्रमांकाच्या कड्या घालतात आणि त्यांच्या इंग्रजी लेखनात ‘रिंगिंग’ हा शब्द भेटतो. पक्ष्यांविषयीच्या मजकुरात तो घंटेचा किंवा फोनचा ‘रिंगिंग’ समजून मराठीत आणला, तर काय अनर्थ होईल हे सांगायला नको. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतल्या मुलांसाठीही या खुणा मोलाच्या आहेत, कारण घरात आजीचे इंग्रजी ब्रिटिश वळणाचे असते आणि शाळेतले वेगळे.

वाक्प्रचारांची निवड चांगली आहे आणि त्यांचे अर्थ स्वच्छ दिलेले आहेत. ‘रिंग ट्रू’, म्हणजे खरे वाटणे, हा त्यांतला माझा आवडता. नाणे दगडावर आपटून त्याच्या आवाजावरून खरेखोटे ओळखण्याच्या रीतीतून तो आलेला आहे. खणखणीत नाणे आणि वाजवून घेणे हे आपले शब्दप्रयोग त्याच सराफी रीतीचे वारस असल्यामुळे, या एका ठिकाणी भाषांतरकाराला ओढाताण न करता दोन्ही भाषांत एकाच प्रतिमेत राहता येते.

आता एका मोठ्या उणिवेकडे येतो, आणि ती या संकेतस्थळाची नसून त्याच्या जातीची आहे: हा कोश इंग्रजीतून इंग्रजीत अर्थ सांगतो, मराठी शब्द देत नाही. त्यामुळे अनेक विद्यार्थी इंग्रजी-मराठी शब्दार्थ देणारी विनामूल्य उपयोजने भ्रमणध्वनीवर घेतात. मी पाहिलेल्या अशा काही उपयोजनांत ‘रिंग’समोर अंगठी, कडे, वलय, घंटा वाजवणे, टोळी असे शब्द स्वल्पविराम देऊन एका ओळीत ठेवलेले होते, कोणता शब्द कोठे वापरायचा याचे अवाक्षर नव्हते. अशी ओळ पाहून विद्यार्थी पहिला शब्द उचलतो आणि मग ‘तस्करांची अंगठी’ जन्माला येते. अर्थांची संख्या वाढवून कोश चांगला होत नसतो. प्रत्येक अर्थासोबत एक जिवंत वाक्य आणि तो कोठे चालतो याची खूण द्यावी लागते, आणि या दोन्ही गोष्टी ऑक्सफर्डमध्ये आहेत म्हणूनच मराठी शब्द नसतानाही मी मराठी विद्यार्थ्याला तोच सुचवतो.

मराठी शब्दासाठी मी त्याच्या जोडीला दोन विनामूल्य साधने वापरतो आणि इतरांनीही वापरावीत असे सुचवतो. पहिले साधन म्हणजे महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश, जे आता संकेतस्थळावर शोधता येतात. तेथे व्याख्या किंवा वाक्ये नसतात, केवळ प्रतिशब्द असतात. त्यामुळे अर्थ आधी ऑक्सफर्डमध्ये निश्चित करून मगच तेथे जावे. दुसरे साधन शिकागो विद्यापीठाने उपलब्ध करून दिलेला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ ची दुसरी आवृत्ती. तो मराठीतून इंग्रजीत जातो, पण तेथे नोंदींच्या आतल्या मजकुरातही शोध घेता येतो. त्यात इंग्रजी ‘रिंग’ शोधले की उलट्या वाटेने मराठी शब्दांचे भांडार उघडते: वेढे, जोडवी, अणवट, कडे, वळे असे, बोट, पायाचा अंगठा, मनगट, धातू आणि घडण यांनुसार वेगळे नाव असलेले कितीतरी शब्द. जेथे इंग्रजी एका शब्दावर भागवते तेथे मराठीने प्रत्येक दागिन्याला त्याचे नाव दिले आहे, म्हणून कथा-कादंबरीच्या भाषांतरात ‘रिंग’ कोणत्या बोटात आहे हे पाहिल्याशिवाय मराठी शब्द लिहू नये.

उलट, आज मराठीत रुळलेल्या ‘रिंग’ची नोंद यांपैकी कोठेच नाही. गॅरेजमधला रिंग पाना, बांधकामावर लोखंडी सळयांभोवती बांधल्या जाणाऱ्या रिंगा, सायकलच्या चाकाची रिंग, जी इंग्रजीत ‘रिम’ असते, फोन उचलला गेला नाही म्हणजे ‘नुसती रिंग जातेय’ असे म्हणणे, हे सारे आता मराठी शब्द आहेत. मराठीतल्या इंग्रजी शब्दांचा, ते मराठीत ज्या अर्थाने चालतात त्या अर्थांसह, एखादा सतत वाढत जाणारा कोश कोणीतरी हाती घ्यायला हवा. इंग्रजी कोशाकडून ही अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, परंतु आपल्याकडून ती करणे योग्य आहे.

वापरण्याच्या सोयीविषयी थोडे. ब्रिटिश आणि अमेरिकी असे दोन्ही उच्चार ऐकता येतात आणि ते स्पष्ट आहेत. विनामूल्य पानांवर जाहिराती असतात. लहान पडद्यावर त्या वाचनात अडथळा आणतात. नाम आणि क्रियापद यांची पाने वेगवेगळी असल्यामुळे ‘रिंग’सारखा शब्द पूर्ण पाहायचा तर मुख्य मजकुराबाहेरच्या यादीतून एका पानावरून दुसऱ्या पानावर जावे लागते, आणि जो पहिल्याच पानावर थांबतो त्याला वेढणारा ‘रिंग’ आणि वाजणारा ‘रिंग’ हे वेगळे आहेत हे कळतच नाही. छापील ग्रंथात दोन्ही नोंदी एकाखाली एक असल्यामुळे ही अडचण येत नाही, म्हणून शाळेच्या आणि गावच्या ग्रंथालयांनी छापील प्रतही ठेवावी. वेब्स्टरच्या पानावर अलीकडच्या लेखनातली जी उदाहरणे दिसतात ती यंत्राने आपोआप गोळा केलेली असतात आणि त्यांतली काही अर्थाला धरून नसतात. ऑक्सफर्डची वाक्ये संपादकांनी पारखलेली असल्यामुळे नवशिक्याने त्यांच्यावरच विसंबावे.

आठवीपासून पदवीपर्यंतच्या विद्यार्थ्यांनी, मराठी माध्यमातल्या इंग्रजी शिक्षकांनी आणि वृत्तपत्रांत भाषांतर करणाऱ्यांनी ऑक्सफर्डचे हे संकेतस्थळ पहिला कोश म्हणून वापरावे. गणित आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी त्यासोबत वेब्स्टर उघडा ठेवावा, आणि ज्यांना मराठीत लिहायचे आहे त्यांनी मोल्सवर्थमधला उलटा शोध शिकून घ्यावा. तो शिकायला फार वेळ लागत नाही.